सावली नसलेले मणी

मारोती बारसागडे मेलेल्या माणसांचे चेहरे दगडावर उतरवायचा. आरशासारखा घोटलेला काळा ग्रॅनाइट समोर टेकवायचा, हिऱ्याच्या टोकाची सुई घ्यायची आणि ठिपक्याला ठिपका लावत जायचं. सुई लागली की तेवढा दगड पांढुरका होतो. म्हणून कपाळ, नाकाचा शेंडा, गालाचं हाड टोचून काढायचं. केस, डोळ्यांतल्या बाहुल्या, हनुवटीखालचा अंधार मात्र तसाच सोडायचा. दगडावर सावली काढता येत नाही, ती राखावी लागते, असं तो सांगायचा.

त्याचे वडील भंडाऱ्याहून रायपूरला आले ते गोल बाजारात, भांड्यांच्या दुकानाबाहेर पोतं टाकून बसले. लग्नाच्या भांड्यांवर नावं घालायचे. मारोतीने तोच हात आधी दारावरच्या पाट्यांकडे आणि मग चेहऱ्यांकडे वळवला. आता शहरात मशीन आल्या होत्या, तासाभरात फोटो दगडावर छापून द्यायच्या. तरी गावातली मराठी घरं त्याच्याकडेच यायची, कारण मशीन फोटोत असेल तेच काढते, मारोती घरच्यांना हवं ते काढायचा. कोणी म्हणे, आईच्या डोक्यावर पदर घ्या. कोणी म्हणे, बाबा गंध लावत नव्हते, पण लावा. कोणाला मेलेल्या बहिणीच्या हातावरचं गोंदण नको असायचं, कारण त्यावरून ती कुठल्या पाऱ्यातून, कुठल्या वस्तीतून आलेली ते ओळखू यायचं. मारोती सगळं करून द्यायचा. दगडावर माणूस होता तसा राहत नाही, घराला जसा दाखवायचा असतो तसा राहतो, हे त्याला तिशीतच कळलं होतं आणि त्यात वावगं असं काही त्याला कधी वाटलं नव्हतं.

त्याचं दुकान पुरानी बस्तीच्या तोंडाशी, मराठी समाजमंडळाच्या इमारतीच्या बाहेरच्या गाळ्यांत होतं. मंडळाचे सचिव रामकृष्ण खानझोडे, रेल्वेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, चौबे कॉलनीत तीन मजली घर. जानेवारीच्या शेवटी ते मुलाला, सुशीलला घेऊन दुकानात आले आणि स्टुलावर बसले.

"मारोतराव, सूनबाईचं वर्षश्राद्ध आहे मार्चमधी," ते म्हणाले. "मंडळात वाचनालयाची खोली बांधून देऊन राहिलो आपण, तिच्या नावानं. दाराशी दगड पायजे. चेहरा प्रसन्न आला पायजे."

सुशीलने पाकिटातून फोटो काढला. "मंगलसूत्र साफ दिखना चाहिए, भैया. और कुंकू में लाल रंग भर देना."

"आन नावाच्या आधी कै. सौ. लिहा," रामकृष्णजी म्हणाले. "सौ. विसरू नका. अहेव गेली पोरगी."

मारोती मान हलवत राहिला. या सुनेचं, देवश्रीचं प्रकरण सगळ्यांना माहीत होतं. मागच्या मार्चमध्ये ती त्याच तीन मजली घराच्या गच्चीवरून पडली होती. घरचे म्हणाले, वाळवण घालताना चक्कर आली. तिच्या आईने पोलिसांत वेगळंच सांगितलं. बापलेक पंधरा दिवस आत राहून जामिनावर सुटले आणि खटला उभा राहिला. समाज काही महिने दोन बाजूंना बसला, मग गणपतीत पुन्हा एका पंगतीला बसला.

मारोतीने दगड निवडला, फोटोवरून रेघा उतरवल्या आणि काम धरलं. चेहरा चांगला होता. रुंद कपाळ, डोळ्यांत थोडा थकवा, आणि वरच्या ओठावर उजव्या बाजूला बारीक उभी खूण, टाके घातल्यासारखी. उजेड डावीकडून आलेला. नाकाची सावली उजव्या गालावर पडली होती. तीन दिवसांत डोळे आणि ओठ झाले. ती खूण घालायची की गाळायची हे त्याने फोन करून विचारलं. सुशील म्हणाला, "रहने दो. सबको पता है, बाथरूम में गिरी थी."

चौथ्या दिवशी तो मंगळसूत्राशी आला. काळे मणी तसेच राखायचे आणि प्रत्येक मण्यावर चमकेचा एक ठिपका द्यायचा. चमक कुठल्या अंगाला आहे हे बघायला त्याने भिंग घेतलं. मण्यांची चमक उजवीकडे होती. त्याने पुन्हा पाहिलं. चेहऱ्यावर उजेड डावीकडून, मण्यांवर उजवीकडून. आणि मण्यांखाली, कातडीवर, सावलीच नव्हती. दोऱ्याएवढी तरी असते. हजार गळे कोरल्यावर ते डोळ्यांना आपोआप कळतं. कुंकूही चूक. चेहरा किंचित वळलेला, मग कुंकू लांबट दिसायला हवं. ते तर नाण्यासारखं गोल बसवलेलं होतं.

फोटो स्टुडिओत नेऊन कोणीतरी हे वरून घातलं होतं. त्याचं नवल करावं असं काही नव्हतं. लोक आजोबांना कोट घालून आणतात. मारोतीने भिंग ठेवलं आणि चहा प्यायला गेला.

दोन दिवसांनी दुपारी एक बाई दुकानासमोर येऊन थांबली. पासष्टीची, वाळकी, राखी रंगाची सुती साडी, कपाळ मोकळं, खांद्याला कापडी पिशवी. ती अर्ध्या झालेल्या दगडाकडे बराच वेळ बघत राहिली.

"ओठ तिचाच उतरला आहे," ती म्हणाली. "मी मंदाकिनी. देवश्रीची आई. दुर्गहून आली."

मारोतीने सुई खाली ठेवून तिला स्टूल दिलं. ती बसली नाही. पिशवीतून तिने वहीत जपून ठेवलेला एक फोटो काढला आणि त्याच्या पुढ्यात धरला. तोच चेहरा, तेवढाच वळलेला, डावीकडून उजेड. गळा मोकळा. कपाळावर काळी टिकली, तिळाएवढी.

"नवा रायपूरला ऑफिसात होती ती. मैत्रिणीनं खिडकीपाशी काढला. मागच्या वर्षी जानेवारीत. हाच तिनं फोनवर लावला होता." मंदाकिनीबाई सावकाश, शाळेत धडा सांगावा तसं बोलत होत्या, त्या शाळेतच होत्या आयुष्यभर. "ओठावरची खूण पाहा, भाऊ. तीन टाके. दिवाळीच्या पाडव्याला ओवाळायचं ताट हातात होतं तिच्या, तवा त्यानं मारलं. त्याच दिवशी ती माझ्याकडे निघून आली. मंगळसूत्र त्याईच्या देवघरात ठेवून आली. मंग परत त्या घरात राहिली नाही. मार्चमधी सर्टिफिकेटं आणाले गेली, आन..."

त्यांनी फोटोची दुमडलेली कड अंगठ्याने सरळ केली.

"ते कोर्टात सांगून राहिले का संक्रांतीला ती परत आली होती. हळदीकुंकवाचा फोटो म्हणून हाच दिला त्याईनं, मंगळसूत्रवाला. ओठावर खूण आहे म्हणजे फोटो पाडव्यानंतरचा, आन गळ्यात मंगळसूत्र आहे म्हणजे ती नांदत होती. असा हिशोब आहे. वहीतला हा फोटो दाखवला तं म्हणे, मंगळसूत्र तुमीच पुसून घेतलं, आन मैत्रीण साक्ष द्याले तयार नाही."

मारोती दोन्ही फोटोंकडे बघत राहिला.

"तुमी कारागीर आहा. तुमाले दिसलंच असन."

"मी दगडवाला माणूस, ताई. कोर्टातलं मले काय समजते?"

"कोर्टाचं नाही विचारलं मी. दिसलं का, एवढं विचारलं."

समोरच्या रस्त्यावरून एक ई-रिक्षा गाणं लावून गेली.

"दिसलं," तो म्हणाला.

"मंग सांगान का?"

"पाहतो."

त्यांनी फोटो पुन्हा वहीत ठेवला. जाताना मागे वळून काही म्हटलं नाही. म्हणाल्या असत्या तर मारोतीला बरं वाटलं असतं.

गाळा मंडळाचा होता. वडिलांच्या वेळेपासून तोंडी बोलीवर चालत आलेला, कागद कुठलाच नाही. सचिवांनी मनात आणलं तर आठवडाभरात सामान फुटपाथवर. मारोती सत्तावन्न वर्षांचा होता, दुसरं काही त्याला येत नव्हतं. तो दोन दिवस दगडाला हात न लावता पाट्याच रंगवत बसला. तिसऱ्या दिवशी त्याला एक वाट सुचली. एरवी फोटोत सावली नसली तरी तो आपल्या मनाने टाकायचा, नाहीतर दागिना कातडीवर बसत नाही, हवेत तरंगल्यासारखा दिसतो. या वेळी टाकायची नाही. मणी फोटोत आहेत तसेच कोरायचे, उलट्या उजेडाचे, सावली नसलेले. कुंकू तसंच गोल. ज्याला डोळे आहेत त्याला कळेल. काम करताना त्याचा हात हलका झाला होता. आपण काहीतरी धाडस करतोय असं त्याला वाटत होतं.

दगड झाला. सुशील येऊन पाहून गेला, खूश झाला, आपला फोटो परत घेऊन गेला.

मार्चमध्ये वाचनालयाच्या दाराशी दगड बसवला. मारोती हातात फडकं घेऊन मागे उभा होता. रामकृष्णजींनी पडदा ओढला. भाषणं झाली; सून कशी शिकलेली, तरी कशी घरात मिसळलेली, हे तिघांनी सांगितलं. मग सवाष्णींना पुढे बोलावलं. मारोतीची बायको शांताही त्यांत होती. बायकांनी दगडाला हळदकुंकू लावलं, खालच्या पाटावर खण, नारळ, तांदूळ ठेवून ओटी भरली. "भाग्याची होती," एकजण म्हणाली. "कुंकवासकट गेली." बायका एकेक करून दगडापुढे वाकत होत्या. त्यांच्यातल्या एकीनेही मण्यांकडे निरखून पाहिलं नाही. मारोतीने सगळ्यांच्या नजरा तपासल्या. लाल रंग भरलेलं कुंकू तेवढं त्यांना दिसत होतं.

मंदाकिनीबाई फाटकाबाहेर उभ्या होत्या. त्यांना आत या असं कोणी म्हटलं नाही, जा असंही कोणी म्हटलं नाही. शांता प्रसादाची साखर घेऊन त्यांच्याकडे गेली आणि थोड्या वेळाने तशीच परत आली.

घरी आल्यावर शांताने चुलीवर भात टाकला आणि नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "ती बाई मले म्हणे, तुमच्या मालकानं लय बारीक काम केलं. काहून म्हणे तसं? मले तं काही बरं नाही वाटलं ते."

मारोतीने सगळं सांगितलं. फोटो, खूण, उजेड. आपण सावली कशी राखली नाही, तेही सांगितलं. हे सांगताना त्याच्या आवाजात जरा ताठा आला.

शांता झाकणी हातात धरून ऐकत होती. "मी ओटी भरली ना आज त्या दगडाची," ती म्हणाली. "तिनं काढून ठेवलेलं मंगळसूत्र तुमी परत घातलं तिच्या गळ्यात, आन मी कुंकू लावलं त्याले. सावली नाही टाकली म्हून तुमाले वाटून राहिलं का तुमी काही बोलले?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दुकान न उघडता कचेरीत गेला, सरकारी वकिलांची खोली विचारत विचारत. वकील तरुण होते, टेबलावर फायलींचे ढिगारे. त्यांनी ऐकून घेतलं आणि हिंदीत विचारलं की हे तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत, त्यांनी दिलेला फोटो हातात असताना. कोर्टात दिलेला छापील फोटो तपासायला पाठवला गेला. नुसत्या छापावरून ठाम काही सांगता येत नाही असं उत्तर आलं. फोटोमागे शिक्का होता तो स्टुडिओवाला म्हणाला, कॉम्प्युटरमधलं जुनं सगळं उडून गेलं. मग राहिली मारोतीची साक्ष.

ती ऑगस्टमध्ये झाली. सरकारी वकिलांनी विचारलं तेव्हा त्याने नीट सांगितलं. डावीकडचा उजेड, उजवीकडची चमक, गोल कुंकू. न्यायाधीशबाईंनी फोटो हातात घेऊन तिरपा करून पाहिला. मागच्या बाकावर मंदाकिनीबाई बसल्या होत्या. मारोतीला वाटलं, बरं चाललंय.

मग बचावाचे वकील उठले. वयस्क होते, आवाज मऊ.

"मारोती जी, वाचनालय का पत्थर आपने बनाया?"

"जी."

"उस पर मंगलसूत्र किसने उकेरा?"

"मैंने. फोटो में था."

"फोटो में था," वकील म्हणाले. "अब आप कहते हैं, फोटो में परछाईं नहीं है. पत्थर में है?"

"नहीं. जैसा फोटो में, वैसा ही किया."

वकिलांनी एक लिफाफा उघडला. मारोतीने कोरलेल्या दगडांचे फोटो होते, मंदिराच्या ओवरीतले, शाळेतले, मुक्तिधामच्या, म्हणजे स्मशानातल्या, बाकांवरचे. मंडळाच्याच माणसांनी जमवून दिले असणार. "ये आपके हैं? इनमें मंगलसूत्र के नीचे परछाईं है. इन सबके फोटो में थी?"

"किसी में थी. किसी में नहीं थी."

"तो जहाँ नहीं थी?"

मारोतीला प्रश्न कुठे चाललाय ते दिसलं, पण शपथ घेतली होती. "अपने मन से डाल देता हूँ."

"अपने मन से. और ये बुज़ुर्ग? इनके बेटे का कहना है कि इन्होंने कभी तिलक नहीं लगाया. ये माताजी? इनके हाथ पर गोदना था, पत्थर पर नहीं है."

"घरवाले बोलते हैं तो..."

"तो आप घटाते भी हैं, बढ़ाते भी हैं. फोटो में क्या असली है, क्या नहीं, ये आपके लिए कोई बड़ी बात नहीं रही कभी."

सरकारी वकिलांनी हरकत घेतली. बचावाच्या वकिलांनी हात जोडून ती मान्य केली आणि शेवटचा फोटो पुढे केला, वाचनालयाच्या दगडाचा.

"पहले दो अक्षर पढ़िए."

"कै. सौ."

"सौ. का मतलब?"

"सौभाग्यवती."

"आपको फोटो पर शक था. आप कहते हैं, उस औरत ने पति का घर छोड़ दिया था, ये बात उसकी माँ ने आपको दुकान पर बताई थी, फरवरी में. फिर भी मार्च में आपने ये अक्षर अपने हाथ से लिखा?"

मारोतीने कठडा धरला होता. "हव," तो म्हणाला. घरात, गल्लीत म्हणतात तसं, छत्तीसगढीत. कारकुनाने मान वर करून पाहिलं आणि 'हाँ' लिहून घेतलं.

बाहेर व्हरांड्यात मंदाकिनीबाई भेटल्या. तो त्यांच्यासमोर उभा राहिला. त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली. "प्या," त्या म्हणाल्या. एवढंच.

पुढच्याच आठवड्यात मंडळाने गाळ्यांची दुरुस्ती काढली. बाकीचे दुकानदार दुरुस्ती झाल्यावर परत आले, मारोतीच्या गाळ्याला दुसरं कुलूप लागलं. त्याने पुरानी बस्तीतल्या घरापुढे टिनाचं छप्पर टाकून तिथेच काम मांडलं. गिऱ्हाईक थोडं उरलं. मराठी घरं तर येईनातच. रस्त्यात भेटले की रामराम व्हायचा, पण कोणी थांबून बोलत नव्हतं.

डिसेंबरात निकाल लागला. संशयाचा फायदा देऊन दोघांनाही सोडलं. निकालपत्रात मारोतीच्या साक्षीबद्दल एक वाक्य होतं: सदर साक्षीदाराच्या कथनावर, त्याची स्वतःची कृती पाहता, विसंबता येत नाही. सरकारी वकिलांनी ते हिंदीतून वाचून दाखवलं आणि वर अपील करता येतं म्हणाले. मंदाकिनीबाईंनी अपिलाच्या कागदावर सही केली. त्याचं पुढे काय होईल हे कोणी सांगू शकत नव्हतं.

जानेवारीत, संक्रांत होऊन गेल्यावर, त्या एकदा सकाळी टिनाच्या छपराखाली आल्या. आणखी वाळल्या होत्या. शांताने चहा केला. त्यांनी तो अर्धा घेतला.

"ताई, मी एक दगड करून देतो," मारोती म्हणाला. हे वाक्य त्याने महिनाभर मनात धरून ठेवलं होतं. "तुमच्याजवळच्या फोटोवरून. मोकळ्या गळ्याचा. जशी होती तशी. काही घालणार नाही, काही काढणार नाही."

"कुठं लावू?" त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता, खरंच विचारत होत्या. "दोन खोल्या आहेत मले. आन कोण येते पाहाले?"

मारोतीने अर्धा उरलेला कप उचलून बाजूला ठेवला.

"रायपूरला आली का मी वाचनालयापासून जाते," त्या म्हणाल्या. "दुसरा रस्ता आहे, तरी जाते. परवा संक्रांतीचं हळदीकुंकू होतं तिथं. दगडाले वाण ठेवलं होतं त्याईनं. तुमी चेहरा लय चांगला काढला, भाऊ. आता घरी डोळे मिटले तरी तोच येते. गळ्यात मणी असलेला. वहीतला फोटो काढून पाहावा लागते, मंग आठवते का गळा मोकळा होता."

शांता उठून आत गेली.

"मी एक विचाराले आली," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "दगडावरचं पुसता येते का?"

मारोतीने खोटं सांगायचा विचार केला आणि सोडून दिला. "नाही. वरचा थर घासून काढावा लागते, मशीनीनं. मंग सगळंच जाते, चेहरापण. आन त्याच्यासाठी दगड आपल्या हातात पायजे."

"म्हणजे नाही."

"नाही."

त्यांनी मान हलवली. चपला पायांत सरकवल्या, पिशवी खांद्याला लावली आणि स्टेशनकडे जाणारी रिक्षा कुठे मिळते ते विचारलं. मारोती त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडायला गेला.